नियम कोणी केले? संदेश सांगणाऱ्या खेळांचा इतिहास

संगणकाच्या पडद्यावर वाळवंटी प्रदेशातले एक गाव दिसते. सपाट धाब्यांची घरे, बाजार, रस्त्यावर फिरणारी माणसे, मुले, कुत्री. त्यांच्यामध्येच काही बंदूकधारी अतिरेकीही वावरताना दिसतात. खेळणाऱ्याच्या हाती एक नेमचक्र असते. कळ दाबली की क्षेपणास्त्र सुटते, पण लगेच नाही. मध्ये थोडा वेळ जातो. तेवढ्यात अतिरेकी पुढे सरकलेला असतो आणि त्याच्या जागी दुसराच कोणी उभा असतो. घर कोसळते, माणसे मरतात. आसपासचे लोक प्रेताजवळ येऊन रडतात, आणि रडता रडता त्यांच्यातले काही जण अतिरेकी बनतात. जितकी क्षेपणास्त्रे सोडावीत तितके अतिरेकी वाढतात. या खेळात गुण नाहीत, विजय नाही आणि शेवटही नाही.

'१२ सप्टेंबर' या अर्थाच्या नावाचा हा छोटा खेळ उरुग्वे देशातील गोन्झालो फ्रास्का या संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह २००३ मध्ये तयार केला. न्यूयॉर्कमधील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेने 'दहशतवादाविरुद्ध युद्ध' पुकारले होते. त्या युद्धाविषयी वर्तमानपत्रांतून हजारो अग्रलेख लिहिले गेले. फ्रास्काने अग्रलेखाऐवजी खेळ लिहिला. त्यात भाषण नाही, उपदेश नाही. जे काही सांगायचे ते खेळाच्या नियमातच आहे. खेळाडू दोन-तीन मिनिटे खेळतो, चिडतो, आणि मग आपण काय करत होतो याचा विचार करू लागतो.

आपल्या वर्गातली मुले रोज मोबाइलवर खेळतात. शिक्षक म्हणून आपण त्याकडे बहुधा व्यसन म्हणूनच पाहतो. 'किती वेळ खेळलास?' हा प्रश्न आपण विचारतो. 'त्या खेळाचा नियम काय होता आणि तो कोणी केला?' हा प्रश्न मात्र सहसा विचारत नाही. हा दुसरा प्रश्न का विचारावा, हे समजण्यासाठी थोडे मागे, संगणकाच्याही बरेच आधी, जावे लागेल. सुरुवात आपल्याच घरापासून करता येते.

मोक्षपट ते सापशिडी

सापशिडीचा पट पाहिला नाही असे मूल महाराष्ट्रात सापडणे कठीण. या खेळाचा पूर्वज भारतीय आहे. उत्तरेत आणि पश्चिम भारतात तो ज्ञानचौपड या नावाने ओळखला जाई; मराठीत त्याला मोक्षपट म्हणत. वैष्णव, जैन आणि सूफी अशा निरनिराळ्या परंपरांचे पट सापडले आहेत. मराठी लोकपरंपरा मोक्षपटाचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांना देते. मात्र या प्रकारचे जे जुने पट आज उपलब्ध आहेत ते बहुतेक अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतले आहेत. म्हणून ज्ञानेश्वरांविषयीची समजूत आपण परंपरा म्हणून जपावी, पुरावा म्हणून पुढे करू नये. पश्चिम भारतातील या खेळाचा जेकब श्मिट-मॅडसन या डॅनिश अभ्यासकाने सखोल अभ्यास केला असून त्याचा प्रबंध २०१९ मध्ये कोपनहेगन विद्यापीठात सादर झाला.

या पटांवर प्रत्येक घराला नाव असे. सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाई, दुर्गुणाच्या घरातून साप खाली नेई, आणि शेवटी मोक्ष, वैकुंठ किंवा सिद्धशिला अशी अंतिम जागा असे. म्हणजे खेळता खेळता नीतीचा नकाशाच मुलांच्या डोळ्यांपुढे राही.

आता एक गोष्ट बारकाईने पाहू. पटावर लिहिलेले शब्द सांगतात, 'सद्गुणी हो.' पण खेळाडू सद्गुणी होतो कसा? कवड्या किंवा फासे टाकून! त्याला निवड करायला कोठेच वाव नाही. हातात पडेल ते दान घ्यायचे आणि तेवढी घरे पुढे जायचे. म्हणजे पटावरचे शब्द एक सांगतात आणि खेळाचा नियम दुसरेच सांगतो. कर्माच्या गतीपुढे माणसाचे चालत नाही, असा त्या नियमाचा अर्थ त्या काळच्या खेळाडूला लागत असेल. आजच्या मुलाला तोच नियम 'सगळे नशिबावर आहे' एवढेच सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात छापला जाऊ लागला. तेथल्या काही पटांवर काटकसर, उद्योगीपणा, पश्चात्ताप असे तिकडच्या मध्यमवर्गाला प्रिय असलेले गुण शिड्यांच्या पायथ्याशी आले. मोक्षाच्या जागी यश आणि समृद्धी आली. पुढे हे शब्दही गळून पडले. उरले फक्त आकडे, साप आणि शिड्या. तोच खेळ मग नव्या रूपात आपल्याकडे परत आला. नियम जवळजवळ तेच राहिले, पण संदेश पुसला गेला. शब्दांत ठेवलेला संदेश असा सहज पुसता येतो.

जमीनदाराचा खेळ

संदेश नियमातच ठेवला तर? असा विचार करणारी एक बाई अमेरिकेत होऊन गेली. तिचे नाव एलिझाबेथ मॅगी. लघुलेखनाची नोकरी करणारी ही बाई हेन्री जॉर्ज या अर्थविचारवंताची अनुयायी होती. जॉर्जने १८७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले होते की, जमिनीचे मोल मालकाच्या कष्टाने वाढत नाही. आजूबाजूला वस्ती, रस्ते, बाजार वाढतात म्हणून ते वाढते. तेव्हा हे वाढलेले मोल कराच्या रूपाने समाजाकडे परत यावे.

हा विचार लोकांच्या गळी कसा उतरवायचा? मॅगीने पट आखला. चौरसाच्या चारही बाजूंनी जमिनीची घरे, मध्ये रेल्वे, एका कोपऱ्यात तुरुंग. फेरी पूर्ण केली की मजुरी मिळायची. दुसऱ्याच्या जागेवर पाय पडला की भाडे भरायचे. 'जमीनदाराचा खेळ' असे नाव दिलेल्या या पटाचे पेटंट तिला ५ जानेवारी १९०४ रोजी मिळाले. पुढे तिने खेळाला दोन प्रकारचे नियम जोडले. एका प्रकारात एकजण सारी जमीन गिळतो आणि बाकीचे कंगाल होतात. दुसऱ्यात जमिनीचे भाडे सर्वांच्या खजिन्यात जाते आणि सगळ्यांचीच स्थिती सुधारते. पट एकच, फासे तेच. बदलतो तो फक्त नियम. दोन्ही डाव खेळून पाहणाऱ्याला गरिबी कोठून येते हे आपोआप उमजावे, असा तिचा हेतू होता.

पुढची हकिगत मोठी विचित्र आहे. हा खेळ हाताने नकला करून मित्रमंडळींत पसरत गेला. लोकांना त्यातला पहिलाच डाव आवडला. चार्ल्स डॅरो नावाच्या गृहस्थाने त्याची आपली आवृत्ती पार्कर ब्रदर्स या कंपनीला विकली आणि १९३५ मध्ये ती 'मोनोपॉली' या नावाने बाजारात आली. कंपनीने मॅगीचे पेटंटही अवघ्या पाचशे डॉलरना विकत घेतले. मक्तेदारीचे दुष्परिणाम दाखवण्यासाठी केलेला खेळ अशा रीतीने मक्तेदारीचा आनंद देणारा खेळ म्हणून जगभर गाजला. १९७० च्या दशकात राल्फ अ‍ॅन्स्पाक या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने मक्तेदारीविरोधी खेळ काढला, कंपनीशी त्याचा न्यायालयात वाद झाला आणि त्या वादातून मॅगीचे नाव पुन्हा उजेडात आले.

आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुटीत मुले 'व्यापार' खेळतात तो याच कुळातला खेळ. मुंबई, दिल्ली, कलकत्ता विकत घेताना दुसरा नियमसंचही एके काळी होता, हे त्यांना कोणीच सांगत नाही.

पडद्यावरचा युक्तिवाद

संगणक आल्यावर नियमांचे महत्त्व आणखी वाढले. पटावर खेळताना मुले भांडून नियम बदलू शकतात. 'आमच्याकडे असे खेळत नाहीत' असे म्हणू शकतात. संगणकात नियम यंत्राच्या पोटात असतो. तो दिसत नाही, त्याच्याशी वाद घालता येत नाही.

१९८५ मध्ये ख्रिस क्रॉफर्ड या अमेरिकन रचनाकाराने शीतयुद्धावर एक खेळ केला. त्यात खेळाडू अमेरिकेचा किंवा सोव्हिएत संघाचा प्रमुख होतो. कुरघोडी करता करता त्याने अणुयुद्ध ओढवून घेतले तर पडद्यावर स्फोटाचे चित्र येत नाही. पडदा काळा होतो आणि काही ओळी उमटतात. त्यांचा आशय असा की अपयशाचे बक्षीस म्हणून येथे आतषबाजी दाखवली जाणार नाही.

इयन बोगोस्ट या अभ्यासकाने २००७ च्या आपल्या पुस्तकात अशा रचनांच्या मागचे तत्त्व मांडले. वक्ता शब्दांनी पटवतो, चित्रकार चित्राने पटवतो. खेळ नियमांनी पटवतो. 'असे केलेस तर असे होईल' ही साखळी खेळाडू स्वतःच्या हाताने चालवून पाहतो, म्हणून ती त्याला खरी वाटू लागते.

याच कारणाने हे साधन दुधारी आहे. २००२ मध्ये अमेरिकेच्या सैन्याने एक युद्धखेळ फुकट वाटायला सुरुवात केली. तरुणांनी सैन्यात भरती व्हावे हा त्याचा उघड हेतू होता, आणि २०२२ पर्यंत तो चालू होता. फ्रास्काचा छोटा खेळ त्याच्या पुढच्याच वर्षी आला. एकीकडे सरकारी खजिन्याचे बळ, दुसरीकडे मूठभर माणसांची काही मिनिटांची रचना. पण दोन्हींची पद्धत एकच होती.

इटलीतल्या पाओलो पेदेर्चिनी याने २००३ मध्ये 'मोलेइंदुस्त्रिया' नावाने असेच छोटे, टोचणारे खेळ काढायला सुरुवात केली. २०११ मधला त्याचा एक खेळ मोबाइल फोनच्या जन्माविषयी होता. काँगोच्या खाणीतली मुले, चीनमधल्या कारखान्यातले कामगार, नव्या फोनसाठी धावणारे गिऱ्हाईक आणि पाकिस्तानात भंगार फोन फोडणारे हात, असे चार टप्पे. हा खेळ फोनवरच खेळायचा होता. अ‍ॅपल कंपनीने तो जवळजवळ लगेच आपल्या दुकानातून काढून टाकला.

भारतातही असे काम झाले आहे. मुलींच्या अपहरणाचा आणि विक्रीचा प्रश्न मांडणारा 'मिसिंग' हा मोबाइलवरचा खेळ कोलकात्याच्या छायाचित्रकार लीना केजरीवाल यांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये निघाला. त्यात खेळाडू स्वतःच पळवून नेलेली मुलगी असतो.

आपल्या अगदी शेजारीही एक उदाहरण आहे. पालघर जिल्ह्याची हद्द ओलांडून गुजरातेत शिरले की वापी लागते. वापीजवळच्या चला या गावी ध्रुव जानी आणि त्यांचे सहकारी 'स्टुडिओ ओलियोमिंगस' या नावाने प्रायोगिक खेळ तयार करतात. वसाहतकाळाचा इतिहास कोणी लिहिला, कोणाचा पुसला गेला, हा त्यांच्या कामाचा विषय. मीर उमर हसन नावाचा एक कल्पित लेखक त्यांनी निर्माण केला आहे, आणि आपल्या खेळांतल्या गोष्टी ते त्याच्या नावावर मांडतात. खोट्या लेखकाच्या खोट्या कागदपत्रांतून फिरताना खेळाडूला प्रश्न पडतो की, खऱ्या म्हणून शिकवलेल्या इतिहासाची कागदपत्रे तरी कोणी जपली? २०१९ मधल्या त्यांच्या एका खेळात भारतातल्या टेलिफोनचा काल्पनिक इतिहास आहे. २०२० मधल्या दुसऱ्या एका खेळाचा नायक इमारती खाण्यासाठी नेमलेला नगरपालिकेचा नोकर आहे. एखादी वास्तू पाडली की तिच्याबरोबर कोणाकोणाच्या आठवणी नाहीशा होतात, हे येथे कोणी सांगत बसत नाही. ते खेळाडूच्याच हातून घडते. हे खेळ अर्ध्या-पाऊण तासात संपतात. त्यांत शर्यत नाही, शत्रू नाही.

सोयाबीन आणि चिंचोके

हे सारे वाचून एखादा शिक्षक म्हणेल, 'आमच्याकडे संगणक चालू असेल त्या दिवशी वीज नसते.' हरकत नाही. या विषयातला एक उत्तम प्रयोग बुलढाणा जिल्ह्यातल्या हिवरा आश्रमासारख्या गावच्या शाळेतही, घरात सहज सापडणाऱ्या वस्तूंवर करता येतो.

टॉमस शेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये वस्त्या वेगवेगळ्या का होतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे २००५ मध्ये त्याला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे साधन होते बुद्धिबळाचा पट आणि दोन प्रकारची नाणी. आपण सोयाबीनचे दाणे आणि चिंचोके घेऊ.

पुठ्ठ्यावर आठ गुणिले आठ घरे आखा. चार कोपरे मोकळे ठेवून बाकीच्या ६० घरांत एकाआड एक सोयाबीन व चिंचोका ठेवा. प्रत्येक दाण्याचे शेजारी म्हणजे त्याच्या भोवतीच्या आठ घरांतले दाणे. आता नियम असा: एकच शेजारी असेल तर तो आपल्या जातीचा हवा, दोन असतील तर निदान एक, तीन, चार किंवा पाच असतील तर निदान दोन, सहा ते आठ असतील तर निदान तीन आपल्यासारखे हवेत. अट अगदी सौम्य आहे. निम्म्याहून जास्त शेजारी परके असले तरी चालते. सुरुवातीच्या मांडणीत सारे समाधानी आहेत, हे मुलांनी मोजून पाहावे.

मग डोळे मिटून कोठलेही २० दाणे उचला आणि मोकळ्या झालेल्या घरांपैकी पाच घरांत कोठलेही पाच दाणे ठेवा. आता काही दाणे असमाधानी होतील. असमाधानी दाण्याला जवळच्या, त्याची अट पुरी होईल अशा मोकळ्या घरात हलवा. त्याच्या जाण्याने दुसरा कोणी असमाधानी होईल, त्यालाही हलवा. सारे समाधानी होईपर्यंत हे करत राहा. शेवटी पट पाहिला की मुले चकित होतात. सोयाबीन एकीकडे गोळा झालेले, चिंचोके दुसरीकडे. कोणालाच पूर्ण वेगळे राहायचे नव्हते, तरी वस्त्या वेगळ्या झाल्या!

२०१४ मध्ये व्ही हार्ट आणि निकी केस या दोघांनी हाच प्रयोग चौकोन आणि त्रिकोण घेऊन संगणकावरचा छोटा खेळ म्हणून मांडला. त्यांनी पुढची पायरी जोडली. 'माझे सगळेच शेजारी माझ्यासारखे असतील तर मला चालणार नाही' असा नवा नियम घातला की वस्त्या पुन्हा मिसळू लागतात. जग बदलायचे तर नियमात केवढा लहान बदल पुरतो, हे त्यातून दिसते.

पण येथेच थांबून मुलांना एक अवघड प्रश्न विचारावा. आपल्या गावातल्या वस्त्या अशाच वेगळ्या झाल्या का? महाराष्ट्रातल्या खेड्यात गावकुसाबाहेरची वस्ती कोणाच्या सौम्य आवडीनिवडीतून झालेली नाही. ती सक्तीने झाली. कोणी कोठे राहायचे, कोणत्या पाणवठ्यावर जायचे, हे जातीच्या नियमाने ठरवले होते, आणि तो नियम मोडण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यावे लागले. शेलिंगच्या पटावर प्रत्येक दाण्याला हलण्याचे समान स्वातंत्र्य आहे. गावात ते नव्हते. म्हणजे हा प्रयोग खोटा नाही. पण तो एक कारण दाखवतो आणि दुसरे झाकतो. प्रत्येक प्रतिकृतीचे असेच असते. तिने काय वगळले, हे शोधण्याची सवय लागली तर ती विज्ञानाची सवय आहे आणि नागरिकत्वाचीही.

मुलांनी केलेला नियम

पुढची पायरी म्हणजे मुलांनी स्वतः खेळ रचणे. विषय गावातलाच घ्यावा. समजा, पाणी घेतले. एका परातीत ४० खडे ठेवा. ते जमिनीखालचे पाणी. चार मुले चार शेतकरी. प्रत्येक फेरीत हवे तितके खडे उचलायचे. उसाला पाच, हरभऱ्याला एक. उसाचे गुण जास्त, हरभऱ्याचे कमी. फेरीच्या शेवटी फासा टाकायचा आणि जितके दान पडेल तितके खडे पावसाचे म्हणून परत परातीत घालायचे. काही फेऱ्यांतच परात रिकामी होईल. त्यानंतर मुलांना सांगा, 'आता तुम्हीच एक नियम करा आणि पुन्हा खेळा.' अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच प्रत्यक्षात केले. सिंचनासाठी बोअरवेल घ्यायची नाही, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावर पिके ठरवायची, असे नियम गावाने मिळून केले. खेळ खेळलेल्या मुलांना ही हकिगत धड्यातल्यापेक्षा वेगळी कळेल.

कागदावर जमलेला खेळ मग संगणकावर नेता येतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ मध्ये खुली केलेली 'स्क्रॅच' ही भाषा ठोकळे जोडल्यासारखी वापरता येते आणि ती मोफत आहे. शब्दांतल्या गोष्टीला फाटे फोडून खेळ करायचा असेल तर २००९ पासूनचे 'ट्वाइन' हे साधनही मोफत मिळते. खेळ लहान ठेवावा. एक विचार, तीन-चार नियम, पाच मिनिटे. लांब खेळात सजावट वाढते आणि नियम लपतो.

राजकीय हा शब्द ऐकून काही शिक्षक बिचकतील. येथे पक्षाचा संबंध नाही. पाणी कोणी किती घ्यायचे, जमिनीचे मोल कोणाचे, वस्ती कोठे असावी, हे चौघांनी मिळून ठरवायचे प्रश्न आहेत. येथे राजकारण म्हणजे एवढेच. आपले मत शिक्षकाने खेळात घुसडू नये. उलट, एका गटाने केलेला खेळ दुसऱ्या गटाने खेळावा आणि त्याचे नियम तपासावेत: कोणाला जिंकता येते, कोणाला कधीच येत नाही, आणि काय वगळले आहे.

एलिझाबेथ मॅगीचा दुसरा नियमसंच हरवला, कारण खेळणाऱ्यांनी तो मागितला नाही. आपल्या मुलांनी तरी खेळाच्या डब्यात, मोबाइलच्या पडद्यावर आणि पुढे ग्रामसभेतही, 'हा नियम कोणी केला? दुसरा करता येईल का?' एवढे विचारायला शिकावे.